सेकंडहँड लॅपटॉपमध्ये मूळ विंडोज परत कसं आणायचं?

ठाणे-नवी मुंबईत जुन्या लॅपटॉपचा दुष्काळ कधीच पडत नाही. ऐरोलीचं माइंडस्पेस, महापेचं मिलेनियम बिझनेस पार्क, इकडे वागळे इस्टेट. इथल्या कंपन्या काही वर्षांनी सगळी मशीन एकदम बदलतात आणि जुनी मशीन लॉटमध्ये व्यापाऱ्यांकडे जातात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशी दणकट मॉडेलं नव्याच्या मानाने फारच कमी पैशांत मिळतात. दुकानदार झाकण उघडून दाखवतो आणि ठरलेलं वाक्य टाकतो, "दादा, एसएसडी नवीन टाकलाय, विंडोज ओरिजिनल आहे, ऑफिसपण टाकून दिलंय. लाइफटाइम."

यातलं एसएसडीचं बहुतेक वेळा खरं असतं. बाकीचं तपासावं लागतं. गंमत अशी, की लॅपटॉपसोबत आलेलं खरं विंडोज अनेकदा त्या मशीनमध्येच असतं आणि त्याच्यावर दुकानदाराने चोरीचं विंडोज चढवलेलं असतं.

हे कसं, ते समजायला आधी एक गाठ सोडवू. विंडोज म्हणजे दोन गोष्टी: डिस्कवरच्या फाइली आणि त्या वापरायचा हक्क, म्हणजे लायसन्स. फाइलींना काही किंमत नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून त्या कोणीही फुकट उतरवून घेऊ शकतो. पैसे मोजलेले असतात ते हक्काचे, आणि लॅपटॉपच्या बाबतीत तो हक्क डिस्कवर नसतोच. विंडोज ७ पर्यंत लॅपटॉपच्या पोटाला एक स्टिकर असायचा आणि त्यावर पंचवीस अक्षरांची प्रॉडक्ट की छापलेली असायची. घामाने आणि बॅगेत घासून ती पुसली जायची. २०१२ साली विंडोज ८ आलं, तेव्हापासून कंपन्या ही की कारखान्यातच मदरबोर्डवरच्या चिपमध्ये, बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) शेजारी लिहून ठेवायला लागल्या. २०१५ साली विंडोज १० सोबत डिजिटल लायसन्स आलं. यात मशीनच्या हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदवली जाते, आणि तिथेही सगळ्यात जास्त वजन मदरबोर्डला असतं.

म्हणजे मामला जमिनीच्या सातबाऱ्यासारखा आहे. वरची चाळ पाडा, टॉवर बांधा, पुन्हा पाडा. सातबारा जमिनीचा असतो. डिस्क बदलली, फॉरमॅट मारला, रॅम वाढवली, तरी मदरबोर्डावरची की जिथल्या तिथे राहते.

मग दुकानदार ती वापरत का नाही? बहुतेक वेळा वेळ वाचवायला. दहा-वीस वेगवेगळी मॉडेलं समोर पडलेली असतात. प्रत्येकावर नीट विंडोज बसवण्यापेक्षा एकदा तयार केलेली इमेज, म्हणजे सगळ्या सॉफ्टवेअरसकट डिस्कची नक्कल, सगळ्या डिस्कवर ओतणं सोपं. त्या इमेजमध्ये विंडोज प्रो (घरगुती ‘होम’च्या वरची आवृत्ती) असतं, ऑफिस असतं, आणि दोन्ही अ‍ॅक्टिव्हेट करणारं, म्हणजे लायसन्स नसताना असल्याचं भासवणारं, एखादं टूल आधीच चालवलेलं असतं. लॅपटॉपच्या चिपमध्ये होमची खरी की आहे की प्रोची, हे बघायला कोणी थांबत नाही.

काही मशीनमध्ये मात्र हक्कच नसतो, हेही खरं. आपल्याकडे बरेच लॅपटॉप विंडोजऐवजी ‘डॉस’ किंवा उबुंटू ही फुकट सिस्टिम घालून विकले गेले, कारण तेवढेच पैसे कमी. त्यांच्या चिपमध्ये विंडोजची की नसते. दुसरा प्रकार मदरबोर्ड बदललेल्या मशीनचा. दुरुस्तीत दुसऱ्या लॅपटॉपचा बोर्ड बसवला असेल, तर त्या बोर्डासोबत जे आलं तेच तुमचं.

दुकानात असतानाच बघायच्या गोष्टी

‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ आणि तिथे ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ उघडा. तिथे ‘ऑर्गनायझेशन्स अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हिस’ असे शब्द दिसले, तर हे विंडोज कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरकडून अ‍ॅक्टिव्हेट झाल्याचं सांगतंय. ही केएमएस नावाची पद्धत आहे आणि ती मोठ्या संस्थांसाठी आहे. संस्थेचा सर्व्हर प्रत्येक मशीनला १८० दिवसांची मुदत देतो आणि मशीन अधूनमधून त्याच्याशी बोलून ती वाढवून घेतं. तुमच्या कळव्याच्या घरात असा सर्व्हर नाही. म्हणजे एखादं टूल तसा सर्व्हर असल्याचं नाटक करतंय.

आणखी खात्री हवी असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. ‘रन’ची खिडकी येईल. तिथे इंग्रजीत एसएलएमजीआर ही पाच अक्षरं, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच एक्सपीआर असं टाइप करून एंटर मारा. कायमचं अ‍ॅक्टिव्हेशन असेल तर ‘पर्मनंटली’ हा शब्द दिसतो. तारीख दिसली तर ‘लाइफटाइम’ शब्दाची मुदत तिथेच कळली. कधीकधी ही तारीख जानेवारी २०३८ ची असते. तीही एका प्रसिद्ध टूलची खूण आहे, खूश होऊ नका. आणि ‘पर्मनंटली’ दिसलं म्हणजे सगळं आलबेल असंही नाही, काही टूल तोही देखावा करतात. म्हणून खरी परीक्षा पुढे, विंडोज नव्याने टाकताना होते.

या टूलची मला खरी भीती वाटते ती लायसन्समुळे नाही. यातली बरीच टूल नीट चालावीत म्हणून विंडोजच्या अँटिव्हायरसला गप्प बसवलेलं असतं. ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये व्हायरस संरक्षणाच्या सेटिंगमध्ये खाली ‘एक्सक्लुजन्स’ नावाची यादी असते. तिथे लिहिलेल्या फोल्डरकडे अँटिव्हायरस ढुंकूनही बघत नाही. ती रिकामी हवी. तिथे अख्खा सी ड्राइव्ह लिहिलेला आढळला, तर त्या मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकू नका, एवढंच सांगेन.

कंपन्यांमधून आलेल्या लॅपटॉपचा आणखी एक धोका आहे आणि तो विंडोज नव्याने टाकल्यानेही जात नाही. मायक्रोसॉफ्टची ऑटोपायलट नावाची सोय आहे. कंपनीने मशीनच्या हार्डवेअरची ओळख आपल्या नावावर नोंदवून ठेवलेली असते. तुम्ही डिस्क पुसा, नवी डिस्क बसवा. पहिल्यांदा सुरू करून इंटरनेट जोडलं की स्वागताच्या पडद्यावर त्या कंपनीचं नाव येतं आणि कंपनीचा ईमेल-पासवर्ड मागितला जातो. ही नोंद फक्त ती कंपनीच काढू शकते. बऱ्याचदा मशीन रीतसर विकलेलं असतं, पण आयटी खात्यातला माणूस नोंद काढायला विसरलेला असतो. अशा वेळी व्यापाऱ्याकरवी कंपनीला सांगून ती काढून घेता येते. व्यापारी हात झटकत असेल तर पैसे परत घ्या.

हे कळावं म्हणून दुकानातच मशीन एकदा रीसेट करायला सांगा आणि सुरुवातीचा सेटअप तुमच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करून बघा. तास-दीड तास जाईल. दुकानदाराचं तोंड वाकडं होईल. होऊ द्या, पैसे तुमचे आहेत.

रीसेट होईपर्यंत थांबायचंच आहे, तर त्याआधी बायोस बघून घ्या. सुरू करताना डेलवर एफ २, एचपीवर एफ १०, थिंकपॅडवर एफ १ दाबलं की बायोस उघडतो. पासवर्ड मागितला आणि दुकानदाराकडे तो नसेल, तर ते मशीन सोडून द्या. थिंकपॅडचा सुपरव्हायझर पासवर्ड हरवला तर कंपनीचा अधिकृत उपाय एकच, मदरबोर्ड बदला. बायोसमध्ये ‘कॉम्प्युट्रेस’ किंवा ‘अ‍ॅब्सोल्यूट’ असं काही दिसलं, तर ते ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ आहे का तेही बघा. हरवलेला लॅपटॉप लांबून शोधायची आणि बंद करायची ती सोय आहे. आधीच्या मालकाने ती चालू ठेवली असेल, तर तुमच्या लॅपटॉपचा लगाम त्याच्या हातात राहतो.

बिलावर जीएसटी क्रमांकाबरोबर लॅपटॉपचा सीरियल नंबरही लिहून घ्या. वर सांगितलेलं काहीही पुढे उपटलं, तर हातात तेवढाच कागद असतो.

रीसेट पुरत नाही, पेनड्राइव्ह लागतो

घरी आल्यावर बहुतेक जण सेटिंग्जमधून ‘रीसेट धिस पीसी’ करतात. स्वतःचाच लॅपटॉप साफ करायला ते ठीक आहे. इथे त्याचा फारसा उपयोग नाही. एक तर त्यातला ‘लोकल’ पर्याय डिस्कवर असलेल्या फाइलींमधूनच विंडोज पुन्हा उभं करतो, आणि त्या फाइलींवरच आपला भरवसा नाही. ‘क्लाउड डाउनलोड’ निवडलं तर फाइली ताज्या येतात, पण आवृत्ती तीच राहते. चोरीचं प्रो असेल तर रीसेटनंतरही प्रोच येईल, आणि तुमच्या चिपमधली होमची की तशीच पडून राहील.

पूर्वी लॅपटॉपच्या डिस्कवरच एक लपवलेला रिकव्हरीचा भाग असायचा. सुरू करताना एचपीवर एफ ११, एसरवर ऑल्ट आणि एफ १० दाबलं, किंवा लेनोवोच्या कडेच्या बारीक भोकात पिन घालून नोवो बटण दाबलं, की मशीन कारखान्यातून आल्यासारखं करता यायचं. अजूनही काही मशीनमध्ये हे चालतं. पण तो भाग जुन्या हार्डडिस्कवर होता. दुकानदाराने एसएसडी टाकला, तेव्हा तो हार्डडिस्कसोबत गेला.

म्हणून सरळ मार्ग पेनड्राइव्हचा. किमान आठ जीबीचा घ्या, त्यावरचं सगळं पुसलं जाणार हे धरून चाला. विश्वासातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ उतरवा आणि त्याच्याकडून पेनड्राइव्ह तयार करून घ्या. टेलिग्रामवरच्या ग्रुपमध्ये मिळणारी, ‘फास्ट केलेली’ विंडोजची इमेज अजिबात नको. एका अनोळखी माणसाची इमेज काढून दुसऱ्याची बसवण्यात काय हशील?

आता त्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करा. त्यासाठीचा मेनू डेल आणि लेनोवोवर एफ १२ ने, एचपीवर एफ ९ ने येतो. सेटअप सुरू झाला की मघाशी म्हटलेली परीक्षा इथे आहे. सेटअप आधी मदरबोर्डच्या चिपमध्ये की आहे का ते बघतो. ती सापडली तर तो ना की विचारतो, ना होम की प्रो असं विचारतो. गपचूप पुढे जातो आणि त्या कीला जुळणारी आवृत्ती बसवतो. आपल्याकडच्या घरगुती लॅपटॉपवर ती अनेकदा ‘होम सिंगल लँग्वेज’ निघते. त्यात काही वाईट नाही. पडद्यावरची भाषा एकच राहते, मराठी टायपिंग सगळं होतं. पण सेटअपने प्रॉडक्ट की विचारली आणि आवृत्त्यांची यादी समोर ठेवली, तर चिपमध्ये उपयोगी की बहुधा नाही. तरी लगेच निराश होऊ नका. ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय घेऊन, लॅपटॉपची मूळ आवृत्ती निवडून पुढे जा. हे मशीन आधी कधी रीतसर अ‍ॅक्टिव्हेट झालं असेल, तर इंटरनेट जोडल्यावर सर्व्हर त्याला ओळखू शकतो.

मूळ आवृत्ती कोणती हे शोधायला लॅपटॉपच्या खालचा नंबर कामाला येतो. डेलचा सर्व्हिस टॅग डेलच्या साइटवर टाकला की ते मशीन कारखान्यातून काय घालून बाहेर पडलं ते दिसतं.

डिस्क निवडायच्या पडद्यावर जुने सगळे भाग एकेक करून डिलीट करा, म्हणजे एकच रिकामी जागा उरेल. तीच निवडून पुढे जा. लॅपटॉपमध्ये दोन डिस्क असतील तर आकार बघूनच हात घाला. ‘एमबीआर’चं (डिस्कचे भाग पाडायच्या जुन्या पद्धतीचं) नाव घेऊन सेटअप अडला, तरी उपाय हाच, सगळे भाग काढून टाकणं.

कधी इथे डिस्कच दिसत नाही. एसएसडी मेला असं समजून लोक पुन्हा दुकानात धावतात. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी ‘व्हीएमडी’ नावाच्या कंट्रोलरमागे असतो आणि सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा प्रोग्रॅम, नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेऊन, त्याची बांधलेली फाइल उघडून आतल्या फाइली पेनड्राइव्हवर टाका आणि ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवा. डिस्क लगेच उगवते.

असाच दुसरा अडथळा वायफायचा. विंडोज ११ चा सेटअप इंटरनेट मागतो आणि वायफायचा ड्रायव्हर नसेल तर तिथेच अडून बसतो. अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडा आणि ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लॅपटॉपला वाटतं लॅनची वायर लागली.

विंडोज उभं राहिल्यावर आधी विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या, बहुतेक ड्रायव्हर तेच आणतं. राहिलेले, फिंगरप्रिंट किंवा ब्राइटनेसच्या बटणांचे वगैरे, कंपनीच्या साइटवरून सीरियल नंबर टाकून घ्या. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका. बायोस अपडेट आला असेल तर तो चार्जर लावून आणि बॅटरी भरलेली असतानाच. अर्ध्यात बंद पडला तर मशीन उठत नाही, आणि पावसाळ्यात आपल्याकडच्या विजेचा काही नेम नसतो.

अगदी कारखान्यातल्यासारखं, कंपनीच्या सगळ्या सॉफ्टवेअरसकट विंडोज हवं असेल, तर डेल, एचपी आणि लेनोवो आपापली रिकव्हरी टूल देतात. सीरियल नंबर किंवा टॅग दिला की त्या मॉडेलची मूळ इमेज पेनड्राइव्हवर उतरते. सगळ्या मॉडेलना ती मिळत नाही. मला स्वतःला साधं विंडोज बरं वाटतं. मूळ इमेजसोबत अँटिव्हायरसचं ट्रायल आणि कंपनीचे पाच-सात प्रोग्रॅमही परत येतात, आणि ते काढण्यात संध्याकाळ जाते.

मूळ आहे, पण जुनं आहे

लॅपटॉप विंडोज ७ किंवा ८ चा असेल तर मूळ परत आणायचा हट्ट सोडा. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले, ८.१ चे जानेवारी २०२३ मध्ये. त्यांच्या कीवर नवं विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करायची वाटही मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊ केले आहेत. विंडोज १० ची की मात्र त्याच आवृत्तीच्या (होमची होमला, प्रोची प्रोला) विंडोज ११ ला चालते, मशीन पात्र असेल तर.

पात्रतेचं साधं गणित इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे. प्रोसेसरच्या नावात आय ५ नंतरचा आकडा बघा. ८२५० असेल तर आठवी पिढी, चालेल. ७२०० असेल तर सातवी, नाही चालणार. दुकानात सातव्या पिढीच्या मशीनवरही विंडोज ११ चालताना दिसतं. सेटअपची तपासणी चुकवून ते बसवलेलं असतं. आज पळतं, पण अशा मशीनना अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

अशा जुन्या किंवा डॉसवाल्या मशीनसाठी नवं लायसन्स विकत घेणं मला पटत नाही. दुकानातल्या लायसन्सची किंमत लॅपटॉपच्या किमतीशी स्पर्धा करू लागते, आणि ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळणाऱ्या की अनेकदा कुठल्यातरी संस्थेच्या असतात आणि कधीही बंद पडतात. त्यापेक्षा लिनक्स मिंट ही विंडोजसारखीच पण फुकट सिस्टिम टाका. ब्राउझर, ईमेल, मुलांचा अभ्यास, पत्रं लिहिणं, सगळं होतं, इनस्क्रिप्ट कीबोर्डने मराठीही टाइप होतं. टॅली किंवा फोटोशॉपवर पोट असेल तर मात्र आठव्या पिढीच्या पुढचंच मशीन बघा.

मॅकबुकची गोष्ट वेगळी आहे. तिथे कीची भानगड नाही. इंटेलच्या मॅकवर सुरू करताना शिफ्ट, ऑप्शन, कमांड आणि आर एकदम दाबलं, तर त्या मशीनसोबत आलेलं मॅकओएस, किंवा अजून मिळत असलेलं त्याच्या सर्वांत जवळचं, इंटरनेटवरून उतरतं. शिफ्ट सोडून बाकीची तीन दाबली, तर त्या मशीनला चालणारं सगळ्यात नवं. सर्व्हरशी संपर्क होत नाही असं जुनं मॅक म्हणालं, तर घड्याळातली तारीख तपासा. ती चुकली की सुरक्षित संपर्क जुळत नाही. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर पॉवरचं बटण दाबून धरलं की रिकव्हरीचे पर्याय येतात. पण टी २ (अ‍ॅपलची सुरक्षेची चिप) असलेल्या आणि त्यापुढच्या मॅकला अ‍ॅक्टिव्हेशन लॉक असतं. आधीच्या मालकाने ‘फाइंड माय’ (हरवलेलं मशीन शोधायची अ‍ॅपलची सोय) बंद केलं नसेल, तर पुसल्यावर त्याचाच पासवर्ड लागतो. तो समोर असतानाच हे उरका. गाठ पडत नसेल, तर तो आयक्लाउडच्या साइटवरूनही ते मशीन आपल्या खात्यातून काढू शकतो.

विंडोज ११ वर तुम्ही मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत शिरलात, की बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे तिला कुलूप लागतं. तिची ४८ आकड्यांची रिकव्हरी की तुमच्या खात्यात जमा होते. बायोस अपडेटनंतर लॅपटॉप कधीतरी अचानक ती मागतो, आणि खातं दुकानदाराने त्याच्या ईमेलवर उघडून दिलेलं असेल तर ती त्याच्याकडे असते. म्हणून खातं स्वतःचंच उघडा आणि ती की कागदावर उतरवून बिलासोबत फाइलला लावून ठेवा.